सही करण्याआधी विमान कुणाचं ते बघा : कॉर्पोरेट पायलटचा ट्रेनिंग बाँड

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी भाचा कोथरूडला घरी आला. हातात स्पायरल बाइंडिंग केलेला जाडजूड कागदांचा गठ्ठा. "मामा, ऑफर आलीय. बिझनेस जेट, बेस पुणे. टाइप रेटिंग कंपनी करून देणार. फक्त शेवटच्या पानावर बाबांची जामीनदार म्हणून सही हवीय, उद्याच द्यायचंय."

पोरगं बारामतीला उडायला शिकलं. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, हातात येऊन दोन वर्षं झाली, घरावरचं कर्ज अजून फिटलेलं नाही. अशा वेळी कुणीही कागद न वाचता सही करेल. मीही केली होती. मी सतरा वर्षं बिझनेस जेट उडवतोय आणि पहिल्याच नोकरीत बाँडपायी, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर ट्रेनिंगचा खर्च भरून द्यायच्या करारापायी, हात पोळून घेतलेत. तो किस्सा पुढे येईलच. त्या रविवारी चहाच्या तीन फेऱ्यांत भाच्याला जे समजावलं, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी हिशेब समजून घ्या

डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, सीपीएलला २०० तासांचं उड्डाण लागतं. पण लायसन्स मिळालं म्हणजे कुठलंही विमान उडवता येतं असं नाही. प्रत्येक मोठ्या किंवा जेट विमानाचा प्रकार लायसन्सवर वेगळा चढवून घ्यावा लागतो. त्यालाच टाइप रेटिंग म्हणायचं, आपल्याकडे बोलताना एंडोर्समेंट. आधी ग्राउंड स्कूल, मग सिम्युलेटर, मग चेक, म्हणजे परीक्षा, गरज असेल तर प्रत्यक्ष विमानावर लँडिंग, आणि शेवटी डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर अर्ज.

एअरलाइनच्या ए३२० चं रेटिंग देशात होतं. बिझनेस विमानांसाठी बहुतेक वेळा देशाबाहेर जावं लागतं. सायटेशन किंवा किंग एअरसाठी विचिटा, गल्फस्ट्रीमसाठी सवाना, काही प्रकारांसाठी दुबई किंवा इंग्लंड. फी डॉलरमध्ये, वर व्हिसा, हॉटेल, विमानप्रवास. अमेरिकेत शिकायचं तर टीएसएची, म्हणजे तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची, वेगळी परवानगीही लागते. एवढा पैसा घालायचा आणि तीन महिन्यांत पायलट दुसरीकडे जाणार, ही कंपनीची भीती खोटी नाही. म्हणून बाँड. बाँड मागणाऱ्या कंपनीला मी वाईट म्हणत नाही. तो कसा लिहिलाय, ते बघायचं.

एअरलाइनमध्ये आणि कॉर्पोरेटमध्ये एक मोठा फरक आहे. एअरलाइनकडे एकाच प्रकारची पन्नास-शंभर विमानं असतात. कॉर्पोरेटमध्ये बहुधा एक विमान, एक मालक. शेटजींनी विमान विकलं, की तुमचं रेटिंग आणि तुमची नोकरी एकाच दिवशी हवेत. बाँड तुम्हाला कंपनीशी बांधतो, विमानाला मात्र कंपनीशी कुणीच बांधलेलं नसतं. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचंय.

पायरी पहिली : कंपनी आणि विमान तपासा, कागद नंतर

करार उघडण्याआधी एक दिवस या कामाला द्या.

विमान एनएसओपीवर, म्हणजे विमान भाड्याने चालवायच्या नॉन-शेड्यूल्ड परमिटवर आहे, की कंपनीच्या नावावर खासगी वर्गात? खासगी वर्गातलं विमान भाड्याने देता येत नाही, त्यामुळे उड्डाणं मालकाच्या गरजेपुरती. तास कमी भरतील. परमिटवरचं असेल तर चार्टर मिळतात, तास भरतात, पण रात्री-अपरात्री फोनही येतो. परमिटधारकांची आणि त्यांच्या विमानांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. ती यादी उघडून तुमच्या प्रकारची विमानं देशात किती आहेत ते मोजा. पंधरा-वीस असतील, तर ही नोकरी गेली तरी रेटिंगला गिऱ्हाईक आहे. एक-दोनच असतील, तर ते रेटिंग म्हणजे फक्त एका कुलपाची किल्ली.

विमान मालकीचं की लीजवरचं, हेही विचारा. लीजवर असेल आणि हप्ते थकले, तर लीज देणारा विमान काढून नेऊ शकतो. २०२५ च्या विमान वस्तू हितसंबंध संरक्षण कायद्याने त्याची बाजू आणखी भक्कम झाली आहे. कंपनीवर कर्जाचे बोजे किती, ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसतं.

तिसरा प्रश्न फार थोडे जण विचारतात : विम्याची पायलट वॉरंटी काय आहे? विमा कंपनी पॉलिसीत लिहिते की या विमानावर बसणाऱ्याचे एकूण तास किमान इतके, या प्रकारावरचे इतके. दोनशे-अडीचशे तासांचा पायलट त्यात बसत नसेल, तर रेटिंग होऊनही तुम्ही हँगरमध्ये बसून राहाल आणि बाँड मात्र चालू. हा प्रश्न चीफ पायलटलाच विचारा, एचआरला त्यातलं काही माहीत नसतं.

बेसचंही बघा. करारात 'पुणे' लिहिलेलं असतं. पण लोहगाव हा हवाई दलाचा तळ, धावपट्टी त्यांची, नागरी विमानांना उभं राहायला जागा मोजकी. त्यामुळे कंपनी पुण्याची आणि विमान झोपतं मुंबईत, असं सर्रास होतं. मग पहाटे तीनला एक्स्प्रेसवे, सहाला टेकऑफ. गाडी आणि हॉटेल कोण देणार, ड्यूटी टाइम घरून निघाल्यापासून धरणार की मुंबई विमानतळावर कालिन्याला पोचल्यापासून, हे आत्ताच लिहून घ्या. त्यात कंजुषी करू नका, झोप तुमची जाणार आहे.

पायरी दुसरी : रक्कम कशाची, ते सुटं करून घ्या

'ट्रेनिंगचा खर्च रु. अमुक लाख' एवढंच लिहिलेलं असेल, तर कागद परत पाठवा. ट्रेनिंग सेंटरचं बिल किती, व्हिसा-तिकीट किती, हॉटेल किती, हे वेगळं मागा. बाँडमध्ये फक्त प्रत्यक्ष भरलेली कोर्स फी धरावी आणि बिलाची प्रत जोडावी, असा आग्रह धरा. ट्रेनिंगच्या काळातला पगार, 'प्रशासकीय खर्च', 'संधी गमावल्याची भरपाई' असली कलमं आत शिरलेली मी पाहिली आहेत. पंचवीस लाखांचे चाळीस असेच होतात.

फी डॉलरमध्ये भरली असेल, तर वसुली भरलेल्या दिवसाच्या दराने की सोडण्याच्या दिवशीच्या? रुपयांत रक्कम गोठवून घ्या.

चेकमध्ये नापास झालात तर? जादा सिम (सिम्युलेटर) सेशनचा खर्च तुमच्यावर आला तर एक वेळ समजू शकतो. पण 'कोर्स पूर्ण न झाल्यास संपूर्ण रक्कम' हे मान्य करू नका. निवड करताना पारख करणं कंपनीचं काम होतं.

पायरी तिसरी : घड्याळ कधी सुरू होतं आणि रक्कम कशी उतरते

बाँड दोन वर्षांचा, तीन वर्षांचा, असं सगळे सांगतात. कुठल्या तारखेपासून, ते कुणी सांगत नाही.

समजा, सिमचा चेक १० जानेवारीला पास झाला. कागदपत्रं, विमानावरची लँडिंग, ईजीसीएची प्रक्रिया धरून लायसन्सवर एंडोर्समेंट चढलं एप्रिलमध्ये. सुपरव्हाइज्ड लाइन फ्लाइंग, म्हणजे देखरेखीखालची उड्डाणं, संपून तुम्ही लाइनवर मोकळे झालात, म्हणजे लाइन रिलीज मिळाला, जूनअखेर. बाँडचं घड्याळ 'लाइन रिलीजपासून' असेल, तर साडेपाच महिने फुकट गेले आणि चोवीस महिन्यांचे साडेएकोणतीस झाले. त्यातही लाइन रिलीज कधी द्यायचा, हे कंपनीच्याच हातात. म्हणून तारीख कोर्स पूर्ण झाल्याच्या दिवसाची घ्या, फार तर एंडोर्समेंटची.

आता उतरणीचा हिशेब. सोपा आकडा घेऊ : खर्च ३० लाख, मुदत २४ महिने, आणि तुम्ही १५ महिन्यांनी सोडलं.

रक्कम सपाट असेल, म्हणजे उतरतच नसेल, तर पूर्ण ३० लाख द्यावे लागतील. वर्षाने निम्मी होत असेल तर १५ लाख. दर महिन्याला समान उतरत असेल, तर उरलेले ९ महिने गुणिले सव्वा लाख, म्हणजे ११ लाख २५ हजार. एकाच नोकरीत, एकाच दिवशी राजीनामा देऊन, फक्त एका वाक्यामुळे जवळजवळ एकोणीस लाखांचा फरक. भाच्याच्या करारात सपाट होती. पानभर शोधलं तरी 'प्रमाणात' हा शब्द कुठे नाही.

घड्याळ पुन्हा सुरू करणारं कलमही शोधा. दरवर्षी रेकरंट ट्रेनिंग, म्हणजे उजळणी, होणारच. 'प्रत्येक ट्रेनिंगनंतर नव्याने बारा महिने' असं लिहिलं असेल, तर तो बाँड कधीच संपणार नाही, वडाच्या पारंबीसारखा पुन्हा पुन्हा जमिनीत रुजेल. रेकरंट ही विमान चालू ठेवण्याची गरज आहे, ती कंपनीच्या खर्चात आणि बाँडबाहेर हवी.

आणि नोटीस पिरियड बाँडच्या आत धरला जातो की बाहेर? एअरलाइनच्या पायलटांना डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने कमांडरसाठी १ वर्ष आणि को-पायलटसाठी ६ महिने नोटीस आहे. छोट्या कंपन्यांच्या करारांत तोच आकडा उचलून चिकटवलेला दिसतो. तो तुमच्या नोकरीला नियमाने लागतो की नुसता कराराने, हे वकिलाकडून तपासून घ्या. आणि बाँड संपला त्या दिवशी नोटीसही संपलेली असू शकते, म्हणजे शेवटच्या महिन्यांत नोटीस देता येते, एवढं वाक्य घालून घ्या.

पायरी चौथी : विमानच गेलं तर

आता माझी गोष्ट. पहिली नोकरी, छोटं जेट, तीन वर्षांचा सपाट बाँड. अकराव्या महिन्यात मालकांनी विमान विकलं. कंपनी म्हणाली, दुसरं येतंय, थांबा. थांबलो. पगार अर्धा झाला. सहा महिन्यांनी पीपीसी, म्हणजे प्रोफिशिएन्सी चेक, उलटून गेला. विमानच नाही तर चेक कशावर देणार? ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगची अट तर त्याआधीच गेलेली. तेवढ्यात दुसरीकडून बोलावणं आलं. राजीनामा दिला, आणि आठवड्यात नोटीस घरी : बाँडची पूर्ण रक्कम भरा. उडवायला विमान नाही, पण बाँड जिवंत. शेवटी घासाघीस करून निम्म्यावर मिटलं. वडिलांची एफडी मोडली. ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

त्यामुळे हे कलम मी भाच्याकडून सगळ्यात आधी लिहून घेतलं. पुढच्या प्रसंगी बाँड आपोआप संपला पाहिजे : विमान विकलं, परत गेलं किंवा परमिट रद्द झालं, विमान सलग नव्वद दिवसांहून जास्त जमिनीवर राहिलं, दोन महिने पगार थकला, कंपनीने गैरवर्तनाशिवाय काढून टाकलं, तुम्ही मेडिकली कायमचे अनफिट झालात किंवा तुमचा मृत्यू झाला. शेवटचा शब्द लिहायला कसंतरीच वाटतं, पण तो नसेल तर मागणी जामीनदाराकडे जाऊ शकते, आणि जामीनदार म्हणजे बाबा.

मेडिकली तात्पुरते अनफिट असाल, तर घड्याळ चालू राहावं. कंपन्या ते थांबवायला बघतात. पाय मोडून तीन महिने घरी बसणं ही काही मौज नाही.

करार इंग्रजीतच असणार. आपल्याला काय हवं ते मराठीत मुद्दे काढून वकिलाला द्या आणि भाषा त्यांना करू द्या. शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास नोकरीविषयक करार बघणारे वकील आहेत. त्यांची फी म्हणजे एका सिम सेशनच्या पासंगालाही पुरणार नाही.

पायरी पाचवी : चेक, जामीन, मूळ कागद

इथे मी जरा कडक आहे.

कोरे चेक देऊ नका. सही केलेला कोरा चेक दिला, की त्यात रक्कम भरण्याचा अधिकारही तुम्हीच दिलात, असं परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चं कलम २० सांगतं. तो वटला नाही तर कलम १३८ लागू शकतं, म्हणजे फौजदारी खटला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाँडचा दिवाणी दावा वर्षानुवर्षं रेंगाळेल, चेकचं समन्स मात्र लवकर दारात येतं. पायलटसाठी फौजदारी खटला म्हणजे पासपोर्ट, पोलीस पडताळणी, एअरपोर्ट पास, सगळीकडे अडथळा.

द्यावाच लागला, तर रक्कम आणि नाव भरून द्या. आणि सोबत पत्र : या क्रमांकाचे चेक, अमुक तारखेच्या कराराखाली, सिक्युरिटी म्हणून, बाँड संपताच परत. पत्रावर कंपनीचा पोच शिक्का घ्या. दर वर्षी जुना चेक परत घेऊन उतरलेल्या रकमेचा नवा द्या.

जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी मुलाकडे मागा, मग माझ्याकडे या' हे चालत नाही, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून जामिनाची कमाल रक्कम आकड्यात लिहून घ्या, तीही महिन्यागणिक उतरणारी. घर, फ्लॅट, सोनं यांतलं काहीही तारण नको.

लायसन्स, मार्कशीट, पासपोर्ट यांतलं काही मूळ स्वरूपात कंपनीकडे ठेवायचं नाही. उलट तुम्ही जमवा : कोर्सचं प्रमाणपत्र, उड्डाण-परीक्षेचे फॉर्म, सिमचे तास. लॉगबुक दर महिन्याला सही-शिक्क्यानिशी पूर्ण करून घ्या. भांडण झालं, की सह्या देणारा माणूस नेमका रजेवर जातो.

कायदा कुणाच्या बाजूने?

'बाँड कोर्टात टिकत नाही' असं विमाननगरच्या टपरीवर प्रत्येक जण सांगतो. अर्धवट खरं आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम २७ व्यवसायाला आडकाठी करणारा करार रद्द ठरवतं. नोकरी सोडल्यावर 'दोन वर्षं दुसरीकडे उडायचं नाही' ही अट त्यामुळे टिकत नाही. पण नोकरीच्या मुदतीतली बांधिलकी वेगळी. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातल्या गोलिकरींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच हा फरक सांगितला. आणि मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट न्यायालयाने वैध ठरवली. म्हणजे बाँड टिकू शकतो.

पण आकडा लिहिला म्हणजे तेवढा मिळालाच, असंही नाही. कलम ७४ नुसार करारातला आकडा ही कमाल मर्यादा. त्याच्या आत जी वाजवी भरपाई असेल तीच मिळते. प्रत्यक्ष खर्च वीस लाख आणि बाँड साठ लाखांचा, अशा वेळी याचा उपयोग होतो. तेव्हा बिलाची प्रत जपून ठेवा. तुम्हाला जबरदस्तीने नोकरीत ठेवा, असा हुकूम कोर्ट देत नाही.

बाकी काही सुट्या गोष्टी. स्टॅम्प पेपर नाही म्हणजे करार खोटा, हा गैरसमज. कमी पडलेलं मुद्रांक शुल्क आणि दंड नंतर भरता येतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना १०० ऐवजी ५०० चा मुद्रांक लागतो. लवादाच्या कलमात 'लवाद कंपनी एकटीच नेमेल' असेल तर हरकत घ्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच अशा एकतर्फी नेमणुकीला नकार दिला आहे. लवादाची जागा दिल्ली नको, पुणे हवी. आणि बाँडच्या रकमेवर कुणी १८ टक्के जीएसटी लावून मागितला, तर ३ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक क्रमांक १७८ दाखवा : मुदतीआधी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने भरलेल्या बाँडच्या रकमेवर जीएसटी लागत नाही.

पैसे तुम्हीच भरा, असं म्हणाले तर

दुसऱ्या प्रकारची ऑफर : रेटिंग स्वतःच्या पैशाने करा, मग नोकरी देतो. एजंट असला तर दुप्पट सावध. नेमणुकीचं पत्र आधी, रुजू होण्याच्या तारखेसह आणि नोकरी न दिल्यास पैसे परत करण्याच्या अटीसह. पैसे नंतर, तेही थेट ट्रेनिंग सेंटरच्या खात्यावर. त्या सेंटरला आणि सिम्युलेटरला डीजीसीएची मान्यता आहे का, ते स्वतः बघा. मान्यता नसेल तर तिथले तास लायसन्सवर चढणार नाहीत. स्वतः पैसे भरले असतील, तर बाँड शून्य रुपयांचा हवा. दोन्ही मागणाऱ्याला नमस्कार करून उठा.

बोलायचं कसं

एचआरशी वाद घालू नका, त्यांच्या हातात काही नसतं. चीफ पायलटला भेटा, एका पानावर पाच मुद्दे लिहून न्या, महत्त्वाचे वर. 'मला बाँड नको' असं म्हणू नका. 'मी मुदत पूर्ण करणारच आहे, विमान नसेल तेव्हाचं तेवढं लिहून द्या' असं म्हणा. जे तोंडी मान्य करतील ते त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवा. उद्यापर्यंत सही हवी म्हणणाऱ्यांना आठवडा मागा. परदेशातल्या सिमचा स्लॉट आणि व्हिसा काही एका दिवसात मिळत नाहीत, हे त्यांनाही माहीत असतं.

भाच्याने आठवडा मागितला, मिळाला. पाचातले तीन मुद्दे मान्य झाले : महिन्यागणिक उतरण, विमान विकल्यास सुटका, आणि कोऱ्या चेकऐवजी रक्कम घातलेला एकच चेक. जामिनावर कंपनी हटली नाही, पण कमाल रक्कम लिहून दिली. रेकरंटचं कलम तसंच राहिलं. "पहिल्या रेकरंटच्या वेळी पुन्हा बोलू," असं चीफ पायलट म्हणाले. ते वाक्यही भाच्याने ईमेलमध्ये घालून पाठवलंय. मेव्हण्यांनी चष्मा लावून, प्रत्येक पान वाचून, मग सही केली. सध्या घरात कॉकपिटचं कागदी पोस्टर भिंतीवर लागलंय आणि ताईची तक्रार आहे की जेवतानाही पोरगं मेमरी आयटम्स, म्हणजे आणीबाणीत पाठ असाव्या लागणाऱ्या पायऱ्या, पुटपुटतं.